मोजणारा तोच अन् विकणारा बी तोच

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

पत्र लांबलंय. जागा नसेल तर कापा, फक्त बोअरचं अन् बेसमेंटचं कापू नका एवढी विनंती, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

मागच्या महिन्यात आमच्या लातूरच्या कॉलनीत एक पोरगा फिरला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, बोलणं एकदम गोड, सारखं काकू काकू. घरातला रेडॉन फ्रीमध्ये चेक करून देतो म्हणे. हातात मोबाईलएवढं पांढरं यंत्र, ते हॉलमधल्या टीपॉयवर ठेवायचं, पाच मिनिटं चहा प्यायचा अन् मग आकडा बघून तोंड पाडायचं. आमच्या शेजारच्या भाऊंकडं ५२ आला. लिमिट ४ आहे काका अन् तुमच्याकडं ५२, असं कोणी म्हणल्यावर कोणाचं काळीज जाग्यावर राहील सांगा, त्यात भाऊंच्या घरात रांगती नात, अन् हा वरून सांगायलाय की किल्लारीच्या भूकंपात जमीन फाटली तवापासून हा गॅस आपल्या भागात घराघरात शिरायलाय, फुफ्फुसाचा कॅन्सर होतो. १८,५०० रुपयांचं हवा साफ करायचं मशीन त्यानं तिथल्या तिथं मोबाईलवर पैसे घेऊन लावून दिलं. बिल मेलवर येईल म्हणाला. भाऊंना मेलच नाही. एका गल्लीत अशी चार मशीनं लागली.

मी त्या दिवशी औशाला लग्नाला गेलते. घरी असते तर दोन शब्द बोलले असते, पण खरं सांगायचं तर दोन वर्षांमागं मी बी फसले असते, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवून सुद्धा. रेडॉन म्हणजे आवर्त सारणीतला एक चौकोन, निष्क्रिय वायू, अणुअंक ८६, पोरांकडनं पाठ करून घ्यायचा अन् पुढं जायचं, एवढाच आपला संबंध. तो घरात शिरतो, त्याला बाहेर काढायचे कॉन्ट्रॅक्टर असतात अन् त्या कॉन्ट्रॅक्टरला सरकारचं लायसन लागतं हे मला अमेरिकेत आयोवात लेकीच्या घरी गेल्यावर कळालं. सहा महिने तिच्याकडं होते, बाहेर बर्फ, करायला काम नाही, म्हणून हे सगळं अथपासून इतिपर्यंत जवळून बघितलं.

रेडॉनचं थोडक्यात सांगते. जमिनीतल्या दगडामातीत सगळीकडंच थोडं थोडं युरेनियम असतं, ते तुटत तुटत रेडियम होतं अन् रेडियम तुटलं की हा गॅस. रंग नाही, वास नाही, चव नाही. अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणजे तेवढ्यात त्यातला अर्धा तुटून जातो. उघड्यावर निघाला तर हवेत मिसळून जातो, कोणाचं काही बिघडत नाही, पण बंद घरात साठला की श्वासातनं आत जातो अन् तिथं त्याचे जे पुढचे तुकडे होतात ते फुफ्फुसाला चिकटून किरण सोडत राहतात. सिगारेटनंतर फुफ्फुसाच्या कॅन्सरचं दुसरं मोठं कारण हेच, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा, ईपीएचा, अंदाज आहे की त्यांच्याकडं वर्षाला सुमारे २१,००० माणसं यानं जातात. त्यामुळं त्या पोरानं कॅन्सरचं जे सांगितलं ते खोटं नव्हतं. खोट्याला असं थोडं खरं लावूनच विकावं लागतं.

तिथं हे उघडकीला कसं आलं ती गोष्ट मला लई आवडली, वर्गात सांगायला मिळाली असती तर पोरं गप्प बसली असती. १९८४ साली पेनसिल्व्हेनियात स्टॅनली वॉट्रस नावाचा एक इंजिनियर अणुवीज केंद्रात कामाला होता. केंद्र पुरतं चालू व्हायचंच होतं, तरी हा माणूस गेटमधून गेला की किरणोत्सर्गाचा अलार्म वाजायचा. शोधता शोधता कळालं की बाबा केंद्रातून काही घेऊन जात नाही, घरूनच घेऊन येतो. घरात रेडॉन निघाला लिटरभर हवेमागं २,७०० पिकोक्युरीच्या आसपास, पिकोक्युरी म्हणजे तिकडचं रेडॉन मोजायचं एकक, अन् तिथं ४ च्या वर गेलं की घर दुरुस्त करा म्हणतात. तवापासून अमेरिका जागी झाली.

आता लेकीचं. तिच्या गावात जानेवारीत लायब्ररीत पोस्टर लागले होते, जानेवारी हा तिकडं रेडॉनचा महिना असतो, आपल्याकडं रस्ता सुरक्षेचा असतो तसा. आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंटी, म्हणजे तिकडचे जिल्हे, ईपीएच्या नकाशात लाल, झोन १, सगळ्यात जास्त धोक्याचा. लेकीनं घर घेऊन वर्ष झालं होतं, घेताना गडबडीत ही टेस्ट राहिली अन् नातवाची खेळायची खोली नेमकी खाली बेसमेंटमध्ये. मग तिनं स्वस्तातलं कीट आणलं, कोळशाची पुडी असलेला छोटा डबा, तो खाली निदान वीस इंच उंच स्टुलावर उघडून ठेवायचा, दोन-चार दिवसांनी सील करून पोस्टानं लॅबला पाठवायचा. अट एकच, टेस्टच्या १२ तास आधीपासून टेस्ट संपेपर्यंत दारं खिडक्या बंद, येण्याजाण्यापुरतंच दार उघडायचं.

अन् इथं मी घोळ घातला. मला ६३ वर्षांची सवय, सकाळी उठलं की आधी खिडक्या उघडायच्या, त्याशिवाय घरात लक्ष्मी येत नाही असं आमच्या सासूबाई म्हणायच्या अन् खाली बेसमेंटला तर कोंदट वास, शिवाय मी तिथंच दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. तीन दिवस रोज पहाटे लेक जावई उठायच्या आधी तासभर मी बेसमेंटच्या त्या वरच्या बारक्या खिडक्या उघडून बसले, स्वेटर घालून. रिपोर्ट आला ३.१. लेक खूष, जावई खूष, पिझ्झा मागवला. माझ्या घशाखाली तो पिझ्झा उतरंना. रात्री सांगून टाकलं. लेक काही बोलली नाही, फक्त डोक्याला हात लावला. दुसरं कीट, परत सगळं बंद, मला खाली जायची बंदी. या वेळी आकडा आला ११.४.

म्हणजे घर तेच, जमीन तीच, फक्त एका म्हातारीनं खिडकी उघडली म्हणून ११.४ चा ३.१ दिसला. हे मी मुद्दाम सांगायलेय, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

मग कॉन्ट्रॅक्टर शोधायचं काम. जावई आयटीतला, सगळं मोबाईलवर बघतो, पण त्यानं पहिल्यांदा राज्याच्या आरोग्य खात्याची लायसनवाल्यांची यादी काढली हे मला आवडलं. एकानं फोनवरच भाव सांगितला, घर न बघता. म्हणाला बेसमेंटच्या फरशीच्या सगळ्या भेगा मसाल्यानं भरून देतो, ४०० डॉलर, गॅस येणारच नाही. तो पहिल्याच फटक्यात बाद, कारण ईपीएच्याच पुस्तिकेत लिहिलंय की नुसत्या भेगा बुजवून रेडॉन कमी होईल याचा भरवसा नाही, तो बारीक बारीक रंध्रातनं बी येतो अन् पुढं घर बसलं की नवीन भेगा पडतात. भेगा बुजवायच्याच असतात पण मुख्य कामाच्या जोडीला. दुसरा घरी आला, फाईल, फोटो, फुफ्फुसाची काळीपिवळी चित्रं, नातवाकडं बघून सारखा मान हलवायचा. २,९०० डॉलर, आज सही केली तर ३०० कमी. पंखा कुठं बसवणार विचारलं तर म्हणाला बेसमेंटमध्येच, बाहेर थंडीत खराब होतो. शेवटी म्हणाला काम झाल्यावर टेस्ट आम्हीच करून देतो, फ्री, तुम्हाला काही त्रास नाही.

लेक जवळजवळ तयार झालती. लेकरू खाली खेळतंय म्हणल्यावर आईचं मन. मीच मधी पडले. इंग्लिश माझं शाळामास्तरी, पण लेकीला म्हणलं, बाई, आपल्या प्लॉटवरचा बोअर आठव.

ती बोअरची गोष्ट लातूरकरांना नवीन नाही. २०१६ चा उन्हाळा, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, घागरीला रांगा, त्या वर्षी आम्ही बी प्लॉटवर बोअर घ्यायचं ठरवलं. आधी पाणाड्या आला, तळहातावर नारळ ठेवून फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. तो पाणाड्या बोअरच्या गाडीवाल्यानंच पाठवलेला. गाडी लागली, ३०० फुटाला धूळ, ४०० ला धूळ, गाडीवाला म्हणाला बाई इथं सोडलं तर सगळं वाया जाईल, दगडाचा रंग बदलायलाय, अजून शंभर घ्या. घेतलं. परत शंभर. ६५० ला आमचे हे म्हणाले बस. फुटावर भाव, अन् किती फूट जायचं हे सांगणारा बी तोच. काम संपल्यावर त्यानंच हात लावून बघितलं अन् सांगितलं की दोन इंची पाणी आहे. मोटार टाकली तर वीस मिनिटात बंद. तवापासून माझा एक नियम झाला, ज्याच्या खिशात पैसे जाणार त्याच्या तोंडून आकडा ऐकायचा नाही.

लेकीला हे पटलं, जावयाला जास्त पटलं. त्या दुसऱ्याला सही दिली नाही.

तिसरा माणूस आला तो साठीचा, गुडघ्याला पट्टे बांधलेला, बोलायला कमी. आल्या आल्या त्यानं भाव सांगितला नाही, रिपोर्ट मागितला. टेस्ट कुठल्या खोलीत ठेवली, किती तास, खिडक्या बंद होत्या का. खिडक्यांवर लेक माझ्याकडं बघून हसली. मग घर किती सालचं, मागून खोली वाढवलीय का, फरशीखाली खडी आहे की नुसती माती, पाणी साठायचा खड्डा आहे का. त्याला ते संप म्हणतात, बेसमेंटच्या कोपऱ्यात असतो, जमिनीतलं पाणी जमा होऊन मोटारीनं बाहेर जातं, अन् त्याचं झाकण सैल असलं की रेडॉनला तो दरवाजाच. मग त्यानं फरशीला एका टोकाला एक भोक पाडून त्यात साधं व्हॅक्यूम क्लीनर लावलं अन् दुसऱ्या टोकाला बोटाएवढं बारीक भोक पाडून त्याच्यावर धुराची काडी धरली. धूर भोकात ओढला गेला. म्हणाला, खाली खडी चांगली आहे, एकाच पाईपवर काम होईल. धूर ओढला नसता तर दोन-तीन ठिकाणी पाईप लावावे लागले असते अन् खर्च वाढला असता. म्हणजे भाव सांगायच्या आधी त्यानं जमिनीला विचारलं. आपल्याकडं नारळानं विचारतात.

१,४५० डॉलर सांगितले, लेखी. आपल्या हिशोबानं सव्वा लाखाच्या आसपास, मला तर तेव्हा घेरीच आली, पण तिकडं ही साधारण रक्कम आहे. कागदावर होतं पाईप किती इंची, पंखा कुठं, वायरिंग कोण करणार, पंखा बिघडला तर किती वर्षं बदलून देणार, अन् आकडा ४ च्या खाली आला नाही तर तो परत येऊन जादा पैसे न घेता काम करणार. जावयानं त्याच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना फोन बी केला.

काम एका दिवसात झालं. मी खुर्ची टाकून बघत बसले, मध्ये त्याला चहा दिला, आल्याचा, त्यानं दोन कप घेतले. आता हे कसं चालतं ते सांगते, कारण हे कळालं की कुठलं मशीन खरं अन् कुठलं खोटं हे आपोआप कळतं. थंडीत घर आतून गरम असतं, गरम हवा वर जाते अन् वरच्या फटीतून बाहेर पडते, मग खालून घर हवा ओढून घेतं, चुलीवरचं धुराडं ओढतं तसं. खाली जमीनच असल्यामुळं घर जमिनीतली हवा ओढतं अन् त्या हवेत रेडॉन. मग करायचं काय, तर घराच्या आधी आपण ओढायचं. फरशीला पाच इंची भोक पाडलं, खालची खडीमाती हातानं उकरून चार-पाच बादल्या बाहेर काढली, त्या पोकळीत पांढरा पीव्हीसी पाईप उभा केला, भोवतीनं सील केलं, संपच्या खड्ड्यावर हवाबंद झाकण बसवलं, पाईप गॅरेजच्या भिंतीकडून माळ्यावर नेला, तिथं पंखा बसवला अन् पाईपचं तोंड छपराच्या वर, खिडक्यांपासून लांब. पंखा दिवसरात्र चालतो, फरशीखालची हवा ओढून आभाळात सोडतो. घरातल्या हवेला हातच लावत नाही. गॅस घरात यायच्या आधीच वळवायचा, एवढंच.

पंखा माळ्यावर का, हे मी त्याला लेकीकरवी विचारलं. तर पंख्याच्या पुढचा पाईप दाबाखाली असतो, तो पाईप कुठं फुटला तर साठलेला गॅस जोरात बाहेर पडतो, पंखा बेसमेंटमध्ये असला तर तो सगळा घरातच. म्हणून पंखा राहत्या जागेत कधीच बसवायचा नाही. तो २,९०० वाला तेच करणार होता, ३०० कमी करून.

पाईपला इंग्रजी यू च्या आकाराची काचेसारखी नळी लावलीय, तिच्यात लाल तेल. पंखा चालू असला की एका बाजूचं तेल वर, दुसऱ्या बाजूचं खाली. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की पंखा बंद पडला समजायचं. मला ही नळी फार आवडली, शाळेत दाब शिकवताना मी असंच काहीतरी सलाईनच्या नळीचं बनवायचे. पण त्या माणसानं जाताना बजावलं की ही नळी पंखा ओढतोय एवढंच सांगते, रेडॉन किती हे सांगत नाही. शेवटी गॅसच्या हीटरचा धूर उलटा घरात येत नाही ना हे बी त्यानं बघितलं, कारण पंखा जास्त ओढायला लागला तर तसं होऊ शकतं अन् ते रेडॉनपेक्षा लवकर मारतं.

अन् मग तो बोलला ते ऐकून मी लेकीकडं बघितलं, लेकीनं माझ्याकडं. म्हणाला, २४ तास थांबा, मग महिन्याच्या आत टेस्ट करा, पण माझ्याकडून करून घेऊ नका, दुसऱ्याकडून करा नाहीतर स्वतः कीट आणून थेट लॅबला पाठवा. रिपोर्ट आला १.३. त्यावेळी मी खिडकीच्या जवळपास सुद्धा गेले नव्हते. दर दोन वर्षांनी परत मोजायचं म्हणाले.

आता परत आमच्या गल्लीत या. औशाहून आल्यावर भाऊंनी मला त्या यंत्राचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. ५२. पण त्याच्याखाली बारीक अक्षरात युनिट होतं, बेकरेल. अन् ४ चं जे लिमिट तो सांगत होता ते पिकोक्युरीतलं. लिटरभर हवेमागं एक पिकोक्युरी म्हणजे घनमीटरमागं ३७ बेकरेल, त्यामुळं ४ म्हणजे १४८ बेकरेल. ५२ ला ३७ नं भागा, १.४ येतं. लेकीच्या घरात सव्वा लाख घालून जो आकडा आला जवळपास तेवढाच भाऊंच्या घरात फुकट होता! जागतिक आरोग्य संघटना तर अजून कडक आहे, १०० बेकरेलच्या खाली ठेवा म्हणते, तरी ५२ म्हणजे निम्मंच. फुटात अंतर सांगायचं अन् किलोमीटरमध्ये लिमिट दाखवायचं असला प्रकार. आठवीच्या पोरानं एकक लिहिलं नाही तर मी अर्धा मार्क कापायचे, उगीच नाही.

अन् ५२ बी खरा कशावरून? पाच मिनिटांत रेडॉन मोजता येत नाही, निदान ४८ तास लागतात, चांगला आकडा पाहिजे तर तीन महिने ते वर्षभर पट्टी लावतात, कारण रेडॉन दिवसाला कमी जास्त होतो. भाऊंच्या हॉलला दोन दारं, दोन्ही सताड उघडी, वर फॅन फुल्ल. माझ्या त्या बारक्या खिडकीनं ११ चा ३ केला तर इथं काय मोजलं असेल कोणास ठाऊक. राहता राहिलं मशीन. त्याच्यात धूळ अडवायची जाळी आहे, धुळीला चिकटलेले रेडॉनचे काही तुकडे ती अडवत असेल, पण रेडॉन स्वतः गॅस, तो जाळीतून आरपार जातो. तिकडचा कोणी लायसनवाला माणूस असलं मशीन लावून रेडॉनचं काम झालं असं म्हणणार नाही.

किल्लारीचं मात्र मला लागलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे मी औसा तालुक्यातच होते, नवीन नोकरी, गणपती बुडवून लोक झोपलेले, ३ वाजून ५६ मिनिटांनी ते झालं. दगडमातीच्या भिंती अन् वरून माळवदाची माती, माणसं त्याखाली गेली. माझ्या वर्गातली सहा लेकरं गेली. त्या भूकंपाच्या नावानं कोणी जाळीचं मशीन विकतंय हे मला सहन होत नाही. भूकंपाचा अन् रेडॉनचा संबंध शास्त्रज्ञ बघतात हे खरं, जमिनीतला रेडॉन भूकंपाआधी वाढतो का म्हणून मोजमाप करतात, पण त्यावरून भूकंप सांगता येईल असा भरवसा अजून कोणी दिलेला नाही. अन् किल्लारीची भेग अन् लातूरचा हॉल यात चाळीसेक किलोमीटर, ३.८ दिवसांत अर्धा होणारा गॅस एवढं अंतर जमिनीतून चालत कसा येणार, रेडॉन जो काही असेल तो आपल्या पायाखालच्या दगडातलाच.

अन् आपल्या पायाखाली काय आहे हे किल्लारीनंच आपल्याला दाखवलं. भूकंपानंतर तिथं शास्त्रज्ञांनी ६१७ मीटरचा बोअर घेतला, त्यात वरचे ३३८ मीटर नुसता काळा पाषाण, बसाल्ट, लाव्हाचा. मग खाली फार जुना खडक. बसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी कमी असतं. म्हणजे लातूर, धाराशिव, बीड, परभणी इकडं घराखाली जाड काळा पाषाण आहे, वर आपली घरं उघडी, उन्हाळ्यात तर दारात बाजा टाकून झोपणारी माणसं आपण. जुन्या माळवदाला सुद्धा वर सानं, म्हणजे हवाउजेडाचं भोक, असायचं. मला यात घाबरायचं कारण दिसत नाही. नांदेडचं थोडं वेगळं, देगलूर, बिलोलीकडं बसाल्ट संपून ग्रॅनाइट उघडा पडलाय, तिथं कोणी नवीन पद्धतीचं बंद एसीचं घर, त्यात तळघर असं बांधत असेल तर मोजून घ्यायला हरकत नाही. मोजूनच, पाच मिनिटांत नाही.

म्हणून नांदेड अन् संभाजीनगरच्या विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांना तुमच्या पेपरमार्फत विनंती करते की एमएस्सीच्या पोरांना हा प्रोजेक्ट द्या. प्लास्टिकची एक पट्टी घरात तीन महिने टांगायची, किरणांचे ओरखडे पडतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, लई खर्चाचं काम नाही. देगलूरची पंचवीस घरं अन् औशाची पंचवीस घरं धरा. विद्यापीठाला मशीन विकायचं नसतं, त्यामुळं त्यांच्या आकड्यावर माणूस विश्वास ठेवील. आमचं घर पाहिजे असेल तर पहिलं आमचंच घ्या, खिडकी उघडणार नाही असं लिहून देते.

तोवर कोणी दारात यंत्र घेऊन आला तर त्याला एवढंच विचारा, आकडा कोणत्या युनिटमध्ये आहे, किती तास मोजलं अन् मशीन लावल्यावर परत कोण मोजणार. आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका ताईंनी त्याला फोनवर तिसरा प्रश्न विचारला तर म्हणाला, आम्हीच मोजू की मॅडम.

चारपैकी एका घरानं आरडाओरडा केला, त्यांना पाच हजार परत मिळाले. भाऊंचा फोन तो उचलत नाही. भाऊंची नात त्या मशीनवर चढून टीव्ही बघती. ग्राहक आयोगात तक्रार द्यायची म्हणलं तर बिल नाही, फक्त पेमेंटचा मेसेज आहे अन् त्या आयकार्डचा एक हललेला फोटो. तुमच्या लातूरच्या बातमीदारांना पाहिजे असेल तर दोन्ही पाठवते, सकाळी अकराच्या आत फोन करा, नंतर मी देवळात असते.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर